पत्ते घरात आणावेत का, आणि आणले तर कोणते?



मागच्या महिन्यात स्थानकातून बाहेर पडताना एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे रोज रात्री पत्त्यांचा डाव बसतो म्हणे?" मी म्हटलं, "रोज नाही, अष्टमी-चतुर्दशीला नसतो." मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि ती खोटी नव्हती. आमच्या घरात काय झालं होतं ते पहूरमध्ये बऱ्याच जणींना थोडंफार माहीत आहे. ज्या घराने पत्त्यांपायी हात पोळून घेतले, तेच घर पुन्हा पत्ते मांडून बसतं, हे तिला कळेना.

म्हणून आज सगळं लिहिते. माझ्या मुलाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "मम्मी, लिही, पण खरं लिही."

आधी आपल्याकडचं बोलू. सप्त व्यसनांत पहिलं नाव जुगाराचं आहे हे आपण पाठशाळेत शिकलो. आठव्या व्रतात, अनर्थदंड विरमणात, कारण नसताना केलेल्या पापाचा आणि प्रमादात घालवलेल्या वेळाचाही हिशेब आहे. त्यामुळे पत्ते हा आपल्या घरात कधी मानाचा खेळ नव्हता. माझ्या माहेरी तर ते कपाटात साड्यांच्या खाली असायचे, पाहुणी मुलं आली की निघायचे आणि आजोबा घरात आले की पुन्हा साड्यांखाली जायचे.

सासरी वेगळं होतं. आमचे बाबूजी कापसाच्या खरेदीत होते. पाचोऱ्याला जायचं तर पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आपली पीजे. पहूरहून बसायचं, मध्ये शेंदुर्णी, पिंपळगाव, वरखेडी करत गाडी निवांत जायची. चार व्यापारी समोरासमोर बसायचे, गुडघ्यांवर टॉवेल पसरायचे आणि मेंढीकोट सुरू. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ती गाडी थांबली ती थांबलीच. बाबूजींचा धंदाही तोवर मुलांकडे आला होता. मग तोच डाव आमच्या पेठेतल्या ओट्यावर आला. समोरचे पाटीलकाका, एक निवृत्त गुरुजी, बाबूजी आणि चौथा जो सापडेल तो. पैसे कधीच नाहीत. चहासुद्धा हरण्या-जिंकण्यावर नाही.

मेंढीकोट ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चौघं खेळतात, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकाला तेरा पत्ते. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट. तेव्हा सगळा डाव या एका गोष्टीवर चालतो, की मेंढी कोणाच्या हातात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ते दुसरं. आमचा मोठा जळगावला कॉलेजात होता, खोली करून राहायचा. मोबाइलवर रमी खेळायला लागला. सुरुवातीला फुकट, मग पन्नास रुपये, मग शंभर. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा फी भरलेली नव्हती. विचारलं तेव्हा कळलं, एक्केचाळीस हजार गेले. यांनी आवाज चढवला, तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, रमी जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. सुप्रीम कोर्टाने 1967 सालीच सांगितलंय." ते खरंही आहे, तसा निकाल आहे. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मणी न सोडता म्हणाल्या, "कोर्टाचं कोर्टापाशी. पैसे गेले की नाही?"

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आमच्याकडे हे घडलं तेव्हा तो कायदा नव्हता.

त्या संध्याकाळी सासूबाई उठल्या, ओट्यावरच्या कोनाड्यातले पत्त्यांचे दोन्ही कॅट घेतले आणि सकाळच्या पाण्यासाठी भरून ठेवलेल्या बंबात टाकले. कोणी काही बोललं नाही. बाबूजीही नाही. मोबाइलवरच्या रमीशी त्या जुन्या पत्त्यांचा काय संबंध, असं मला वाटलं, पण ती वेळ नव्हती.

चार महिने ओटा रिकामा राहिला. पाटीलकाका यायचे, पाणी प्यायचे, पावसाचं बोलायचे आणि जायचे. आपल्याकडे चौविहार असल्यावर संध्याकाळ किती लांब असते ते तुम्हाला माहीत आहे. दिवस मावळायच्या आत जेवण, मग प्रतिक्रमण, आणि त्यानंतर झोपेपर्यंत दोन तास. बाबूजी त्या दोन तासांत भिंतीकडे बघत बसायला लागले. त्यांचा उजवा हात तेव्हापासूनच जास्त थरथरायला लागला, की माझं लक्ष तेव्हा गेलं, सांगता येत नाही. आणि मुलगा आत खोलीत, दार लोटून.

मग संवत्सरी आली. प्रतिक्रमण झालं, घरात सगळ्यांशी खमतखामणा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्यानंतर बाबूजी काठी घेऊन पाटीलकाकांच्या ओट्यावर गेले. मी आणि मुलगा सोबत होतो, कारण पायरी उंच आहे. बाबूजींनी हात जोडले आणि म्हणाले, "पाटील, त्या शेवटच्या कॅटमध्ये किलवरच्या मेंढीचा कोपरा दुमडलेला होता. तीन वर्षं मला ती मागून ओळखू यायची. तुमच्या हातात असली की मला कळायचं. मी तसा खेळलो. मिच्छामि दुक्कडम."

पाटीलकाका आधी बघतच राहिले, मग मोठ्याने हसले. म्हणाले, "शेठ, मलेबी मालूम व्हतं ना! म्हणून तर मी ती मेंढी दोन पत्त्यांच्या मधात दाबून धरे." दोघं म्हातारे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझा मुलगा हसला नाही.

रात्री तो स्वयंपाकघरात आला. मी भांडी पुसत होते. म्हणाला, "मम्मी, एक्केचाळीस नाही, त्रेसष्ट हजार. बावीस मित्रांकडून घेतलेत. बाबूजी एका कोपऱ्यासाठी पाटीलकाकांच्या दारात गेले. मला झोप येत नाही."

पैशांचं काय केलं ते थोडक्यात सांगते. तो दिवाळीपर्यंत दुकानात बसला, त्यातून आणि थोडं आमच्याकडून मित्रांचे पैसे फेडले. प्रत्येकाच्या दारात तो स्वतः गेला. पण हा लेख त्याबद्दल नाही. बाबूजींना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "बेटा, घरात पत्ते आण. याला माझ्यासमोर बसव. उघड्या दारात बसून बिनपैशाचा खेळ कसा असतो ते त्याला बघू दे. पण या वेळी असे आण, की मागून ओळखू येणार नाहीत."

सासूबाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग चार अटी घातल्या. पैसा नाही, चिंचोकेसुद्धा नाहीत, कारण लावणं ते लावणंच. आधी सामायिक, मग डाव, आणि डावही सामायिकाएवढाच, अठ्ठेचाळीस मिनिटं. दार उघडं. पर्वतिथीला आणि पर्युषणाचे आठ दिवस पत्ते कपाटात. मी सगळं मान्य केलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, पत्ते आणायचे म्हणजे काय, कोपऱ्यावरच्या दुकानातून साठ रुपयांचा कॅट. तिथेच मी चुकले, आणि तिथूनच माझा अभ्यास सुरू झाला!

पहिला कॅट आणला त्यावर मोठ्या अक्षरांत "प्लास्टिक कोटेड" लिहिलं होतं. मला वाटलं प्लास्टिकचेच. तसं नसतं, मैत्रिणींनो. आत कागद असतो आणि वरून पातळ थर दिलेला असतो. भाद्रपदातली दमट हवा, वाघूरच्या बाजूचं आमचं घर. तीन आठवड्यांत कडा फुगल्या, पत्ते एकमेकांना चिकटायला लागले, बदामच्या राणीला मधोमध वळी पडली. बाबूजींनी एका रात्री ती राणी बाजूला काढून ठेवली. म्हणाले, "हे पत्ते बोलायला लागले." आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. डबी दोन दिवस बंद राहिली आणि उघडली तर आत बारीक कसर फिरत होती. कागद, दमटपणा आणि हाताचा मळ, जीव होणारच. पुंजणीने एकेक पत्ता झटकून त्यांना बाहेर सोडेपर्यंत माझा डाव संपला होता.

दुसरा कॅट दिवाळीत भेट आला. सोनेरी! पूर्ण प्लास्टिक, चकचकीत, आकडेही सोनेरी. दिसायला लग्नातल्या आहेरासारखा. पण ट्यूबलाइटखाली धरला की नुसती चमक, बदाम की चौकट ते कळेना. इतका निसरडा, की पिसताना अर्धा कॅट सतरंजीवर. बाबूजींच्या थरथरत्या हातात तर एकही पत्ता राहीना. तो मी शोकेसमध्ये ठेवला आहे, तिथे तो शोभतो.

तिसऱ्या वेळी जळगावला फुले मार्केटमध्ये गेले आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात बसून, दुकानदार कंटाळेपर्यंत बघितलं. जे शिकले ते सांगते.

पहिलं, नाव नीट वाचा. "शंभर टक्के प्लास्टिक" किंवा "पीव्हीसी" लिहिलेलं हवं. नुसतं "कोटेड" किंवा "वॉटरप्रूफ" लिहिलं असेल तर विचारा. नमुन्याचा पत्ता मिळाला तर कड बघा. कागदाच्या पत्त्याची कड पांढरी, थोडी दोरेदार दिसते. प्लास्टिकची सगळीकडून सारखी आणि गुळगुळीत. काही परदेशी पत्ते सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. ते फार छान म्हणतात आणि फार महागही. आपल्या घरच्या डावाला पीव्हीसी पुरतं.

दुसरं, पत्ता उजेडासमोर धरा. स्वस्त प्लास्टिक पातळ असतं, पलीकडचा एक्का पुसट दिसतो. बाबूजींची अट आठवा. मागून ओळखू येणारा पत्ता फक्त दुमडलेलाच असतो असं नाही.

तिसरं, हलकं वाकवा आणि सोडा. चांगला पत्ता लगेच सरळ होतो. वाकलेला राहिला तर घेऊ नका. फार कडक असेल तर पिसता येत नाही आणि म्हाताऱ्या बोटांना दुखतो.

चौथं, पाठीचं नक्षीकाम. चारी बाजूंची पांढरी किनार सारखी हवी आणि नक्षी उलटी-सुलटी कशीही धरली तरी एकच दिसायला हवी. एखाद्या पत्त्याची किनार एका बाजूला जाड छापलेली असेल तर तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा. मी दुकानातच सगळा कॅट पसरून पाठी बघितल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, इतकं कोणी बघत नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे बघतात."

पाचवं, पृष्ठभाग. हात फिरवला की अगदी बारीक खडबडीत लागला पाहिजे, सुती कापडाच्या विणीसारखा. त्या खाचांत हवा राहते म्हणून पत्ते एकमेकांवरून नीट सरकतात, चिकटत नाहीत. अगदी गुळगुळीत प्लास्टिक हिवाळ्यात कोरड्या हवेत एकमेकांना ओढून धरतं, एकाऐवजी दोन वाटले जातात आणि मग भांडण.

सहावं, आकार आणि अक्षर. रुंद पत्ता 63 गुणिले 88 मिलिमीटरचा असतो, अरुंद 57 गुणिले 88 चा. फरक फक्त सहा मिलिमीटरचा, पण तेरा पत्ते हातात धरायचे तर बायकांच्या आणि मुलांच्या हाताला अरुंद बरा. घरात वयस्कर माणसं असतील तर कोपऱ्यातला आकडा मोठा असलेला कॅट मागा, "जंबो इंडेक्स" म्हणतात. बाबूजी मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेले, त्यांना हाच लागतो.

सातवं, वास. डबी उघडल्यावर डोक्यात जाणारा वास आला तर परत ठेवा. लहान मुलं पत्ते तोंडात घालतात हे विसरू नका.

मला लाल आणि निळा असे दोन कॅट सातशे रुपयांना पडले. दोन रंग यासाठी, की लहान मुलं बदाम सात किंवा झब्बू खेळून उठली की मोठ्यांचा कॅट वेगळा राहतो आणि मिसळले तरी पाठीवरून निवडता येतात.

आता तुम्ही विचाराल, प्लास्टिक? 2018 ला आपल्या राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हा स्थानकात सगळ्यांना कापडी पिशव्या शिवून देणारी मीच होते. हा प्रश्न मलाही छळला. त्या वेळी मला सावंतवाडीची आठवण झाली. कोकणात फिरायला गेलो होतो तेव्हा तिथल्या राजवाड्यात गंजिफा बघितल्या होत्या. पत्त्यांचाच जुना प्रकार, पण गोल. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या एका राजाला गंजिफा पाठवल्याचं त्याच्या आठवणींत आहे, इतका जुना. मुघल गंजिफेत 96 पत्ते, दशावतारी गंजिफेत 120, प्रत्येक अवताराचे बारा. सावंतवाडीत ही कला विझत चालली होती, ती राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी 1970 च्या दशकात पुन्हा उभी केली. तिथले रंग बघून मी हरखून गेले होते.

पण ते पत्ते बनायचे कसे, हेही तिथे ऐकलं. कागदाचे किंवा कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, आणि शेवटी चमक यावी, ओल लागू नये म्हणून लाखेचा हात. आणि दरबारातल्या श्रीमंत गंजिफा हस्तिदंताच्या, कासवाच्या पाठीच्यासुद्धा असत. तुम्ही सातव्या व्रताचे पंधरा कर्मादान म्हणता ना? त्यात हस्तिदंताचा व्यापार आहे आणि लाखेचाही आहे. लाख हा किड्यांचा स्राव, तो काढताना किती जीव जातात याचा हिशेब नाही. राजवाड्यात उभी असताना मला हे सुचलं नव्हतं, फुले मार्केटमध्ये हातात पीव्हीसीचा पत्ता धरल्यावर सुचलं. पत्त्याला ओल लागू नये ही माणसाची इच्छा जुनीच आहे. तेव्हा लाख होती, आता प्लास्टिक आहे. निर्दोष दोन्ही नाहीत. आपण कमी दोषाचं निवडायचं आणि मग ते वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

पिशवी दहा मिनिटं वापरून फेकली जाते. हे पत्ते मी दहा वर्षं वापरायच्या हिशेबाने घेतले आहेत. कागदाचे कॅट आमच्याकडे वर्षाला दोन-तीन तरी जात होते. हो, एक पत्ता हरवला म्हणून कॅट टाकायचा नाही. आमची चौकटची तिर्री मागच्या महिन्यात गायब झाली, तिच्या जागी जोकर आहे, त्यावर तिर्री लिहिलेली चिकटपट्टी आतल्या बाजूने लावली आहे. आतल्या बाजूने, म्हणजे पाठ सारखीच राहते. आणि निकामी झालेले प्लास्टिकचे पत्ते कधीही बंबात टाकू नका. पीव्हीसी जाळलं की विषारी धूर होतो. सासूबाईंनाही मी हे सांगून ठेवलं आहे!

निगा राखणं सोपं आहे. प्लास्टिक आहे म्हणून नळाखाली धरायची गरज नाही, तेवढ्या अप्काय जीवांचा विचार करा. दोन चमचे गाळलेल्या पाण्यात मऊ फडकं भिजवून पिळायचं, एकेक पत्ता पुसायचा, कोरड्या फडक्याने परत पुसायचा आणि पूर्ण सुकल्यावरच डबीत. चौविहारामुळे आपल्या डावात भजी-चिवडा नसतोच, त्यामुळे पत्ते तेलकट होत नाहीत. महिन्यातून एकदा पुसले तरी पुरतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण चुकूनही लावू नका, छापलेला रंग जातो. आपल्या खानदेशातलं ऊन ध्यानात ठेवा. पारा 45 च्या वर गेला की बंद गाडीत काचेखाली किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेले पत्ते वाकतात आणि मग सरळ होत नाहीत.

चातुर्मासात दिव्यावर किडे येतात. आम्ही जाळी लावलेल्या पुढच्या खोलीत बसतो, खाली फिक्या रंगाची सतरंजी घालतो म्हणजे बारीक जीव दिसतो, आणि पुंजणी जवळ असते. पत्ता आपटायचा नाही, ठेवायचा. हा नियम बाबूजींनी लावला आहे. पाटीलकाकांना सवय व्हायला वेळ लागला, हुकूम मारताना त्यांचा हात आपोआप वर जायचा.

बाबूजींच्या हातासाठी सुताराकडून एक सागाची पट्टी करून घेतली, फूटभर लांब, मधोमध तिरपी खाच. खाचेत तेरा पत्ते उभे राहतात, हात थरथरला तरी पडत नाहीत. कागदाचे पत्ते त्यात माना टाकायचे, हे ताठ उभे राहतात. ज्यांच्या घरी असं कोणी असेल त्यांनी नक्की करून घ्या.

तर असा आमचा डाव. मुलगा बाबूजींचा भिडू असतो. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा डाव चालू असताना त्याचा फोन वाजला, त्याने बघितला आणि चेहरा बदलला. माझ्या पोटात गोळा आला. त्याने फोन उचलून सासूबाईंच्या आसनाजवळ पालथा ठेवला आणि पत्ते उचलले. कशाचा होता ते मी विचारलं नाही. काही दिवस विचारावंसं वाटतं, काही दिवस वाटत नाही.

परवा चार मेंढ्यांपैकी तीन पाटीलकाकांकडे गेल्या. बाबूजी हरले आणि खूश होते. मला म्हणाले, "बेटा, आज खरंच कळलं नाही कोणाकडे काय आहे." सासूबाई बाजूला माळ घेऊन बसल्या होत्या. त्या खेळत नाहीत, खेळणारही नाहीत. पण पुढच्या डावात मुलगा नुसताच पत्ते लावत बसला, तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "उतारी तुझी आहे."

माझ्या त्या मैत्रिणीला मी हे सगळं स्थानकाच्या दारात सांगू शकले नाही. ती हा लेख वाचेल. तिला अजूनही पत्ते नकोसे वाटले तर ती चूक नाही. ज्या घरात पत्ते नाहीत ते घर चांगलंच. पण ज्या घरात येणार आहेत, त्या घरात उघड्या दाराने यावेत आणि पाठीवरून ओळखू न येणारे यावेत.

तुमच्या घरात कोणता डाव चालतो, आणि अटी कोणाच्या, मला जरूर कळवा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम.